कृष्णवर्णीय महाविद्यालयांचा निधी आणि त्यांचे माजी विद्यार्थी : पार्श्वभूमी

अमेरिकेतील ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालयांच्या, म्हणजे वंशभेदाच्या काळात मुख्यतः कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या संस्थांच्या, निधीचा विषय निघाला, की माजी विद्यार्थी पुरेशा देणग्या देत नाहीत, ही तक्रार हटकून ऐकू येते. या संस्थांकडे पैसा कोठून आला आणि त्याबरोबर कोणत्या अटी आल्या, हे पाहिल्याशिवाय ती तक्रार करणे अन्यायाचे आहे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे.

गुलामगिरी संपवणाऱ्या अमेरिकी यादवी युद्धानंतर लगेच, १८६६ मध्ये, सुरू झालेली ही संस्था पाच वर्षांतच कर्जात बुडाली. तेव्हा खजिनदार जॉर्ज व्हाइट विद्यार्थ्यांचे गायकपथक घेऊन ६ ऑक्टोबर १८७१ रोजी दौऱ्यावर निघाले. पथकातील बहुतेक जण गुलामगिरीत जन्मलेले होते. गोऱ्या श्रोत्यांच्या परिचयाची गाणी गाऊन हाती फारसे काही लागेना. मात्र गुलामगिरीच्या काळातील जी भक्तिगीते ही मुले एरवी आपापसांतच गात, ती त्यांनी सभागृहात गायली आणि देणग्यांचा ओघ सुरू झाला. १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर त्यांचे गायन झाले, आणि या कमाईतून १८७६ मध्ये फिस्कच्या आवारात जुबिली हॉल ही भव्य वास्तू उभी राहिली. संस्था तगली ती विद्यार्थ्यांच्या कष्टांवर, हे दानशूरांची नावे घेताना विसरले जाते.

पुढे उद्योगपतींचा पैसा आला. अँड्र्यू कार्नेगी यांनी १९०३ मध्ये अलाबामातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या स्थायी निधीला (ज्याची मुद्दल राखून उत्पन्न वापरले जाते) सहा लाख डॉलर दिले. अशा बड्या देणगीदारांचा कल मुख्यतः हस्तव्यवसायाच्या शिक्षणाकडे होता, आणि त्यांची मर्जी राखण्याचे दडपण संस्थांवर येई. फिस्कचे अध्यक्ष फेयेट मॅकेन्झी यांनी दहा लाख डॉलरच्या स्थायी निधीसाठी मोहीम चालवली, पण त्याच काळात विद्यार्थ्यांवर कडक निर्बंध लादले आणि त्यांचे नियतकालिकही बंद पाडले. याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि नामवंत कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९२४ च्या पदवीदान प्रसंगी तेथेच उभे राहून या कारभारावर जाहीर टीका केली. पुढच्या वर्षी विद्यार्थ्यांनी संप केला, माजी विद्यार्थी त्यांच्या पाठीशी राहिले आणि मॅकेन्झी यांना पायउतार व्हावे लागले. माजी विद्यार्थ्यांची आस्था केवळ देणगीच्या आकड्यावरून मोजणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात घ्यावा.

१९४४ मध्ये टस्कीगीचे अध्यक्ष फ्रेडरिक पॅटरसन यांच्या पुढाकाराने २७ खासगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन युनायटेड निग्रो कॉलेज फंड हा सामाईक निधी स्थापन केला, त्यामुळे प्रत्येकाने वेगवेगळे दार ठोठावण्याची वेळ काहीशी टळली. तरीही पदवीधरांच्या हाती संपत्ती साचायला अवसर मिळालाच नाही, कारण नोकरी, गृहकर्ज आणि मालमत्ता यांची दारे त्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या बंद होती. आजही अनेक जण पदवीबरोबर शैक्षणिक कर्ज घेऊनच बाहेर पडतात.

अशा स्थितीतही २०१९ च्या आरंभी, आर्थिक अडचणींमुळे अधिमान्यता धोक्यात आलेल्या नॉर्थ कॅरोलिनातील बेनेट या महिला महाविद्यालयासाठी पन्नास लाखांचे उद्दिष्ट असताना ब्याऐंशी लाख डॉलर जमले. पुढच्याच वर्षी दानशूर अब्जाधीश मॅकेन्झी स्कॉट या महिलेने अनेक कृष्णवर्णीय महाविद्यालयांना अटींविना मोठ्या रकमा दिल्या. टेक्सासमधील प्रेअरी व्ह्यू विद्यापीठाने त्यांच्याकडून मिळालेल्या पाच कोटी डॉलरपैकी एक कोटी, शुल्क थकल्यामुळे शिक्षण अर्धवट राहण्याची भीती असलेल्या विद्यार्थ्यांसाठी बाजूला ठेवले.