सोलापूरच्या माळावरचा वणवा: आधी गवत, मग आग

उन्हाळा तापला की वणव्याच्या बातम्या येतात आणि सगळं खापर उन्हावर फुटतं. सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो, हे खरंच. पण ऊन दरसाल तेवढंच असतं, वणवा मात्र दरसाल तेवढा नसतो.

सह्याद्रीच्या दाट जंगलात जळण मुबलक असतं, ते वाळायला हवं. पर्जन्यछायेतल्या सोलापुरात सगळं वाळलेलंच असतं. जळायला काही आहे का, हा प्रश्न. सप्टेंबरचा पाऊस साधला तर कुसळी, पवन्या, मारवेल असलं गवत गुडघ्यावर येतं आणि फाल्गुनापर्यंत खडखडीत वाळतं. दुष्काळी सालात जनावरांच्याच तोंडी काडी लागत नाही, मग आगीला कुठून मिळणार? १८७६-७८ किंवा १९७२ सारख्या सालांकडे वणव्याच्या अंगाने पाहताना हे ध्यानात ठेवावं लागतं.

कोरड्या मुलखांत हा हिशेब बहुतेक ठिकाणी लागू पडतो. अमेरिकेच्या ॲरिझोना-न्यू मेक्सिको भागात जुन्या पाइन झाडांच्या वर्षवलयांत आगीचे व्रण सापडतात. ओल्या सालांनी गवत वाढवायचं आणि मागून आलेल्या कोरड्या सालात ते पेटायचं, असं त्यांवरून दिसतं. तिथे ओलं साल बहुधा एल निनोचं. आपल्याकडे त्याच एल निनोचा धसका घेतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वेमागोमाग तिथे मेंढ्या आणि गुरं लाखोंनी आली, गवत चरलं गेलं आणि आग विझवणारी खाती उभी राहण्याआधीच अनेक ठिकाणचे वणवे थंडावले.

आपल्या माळावर असं वहीखातं ठेवणारी जुनी झाडं नाहीत. गवत मात्र स्वतःच काही सांगतं. कुसळीच्या बीला लांब पीळदार शेपूट असतं. दमट हवेत ते फिरतं आणि बी स्क्रूसारखं मातीत शिरतं. वरून आग झरझर निघून जाते. दोन-तीन सेंटिमीटर खाली माती फारशी तापत नाही, बी वाचतं. मुळाशी दडलेले कोंबही वाचतात. मेंढपाळाला हेच कुसळ नकोसं, कारण ते लोकरीतून थेट कातडीत घुसतं. म्हणून कुसळी कोवळी असतानाच चारायची.

काडी ओढणारा बहुतेक वेळा माणूसच. वळवाच्या विजा पडतात, पण पाठोपाठ पाऊसही येतो. जुनं गवत जाळलं की नवा फुटवा लवकर येतो, हे गुराख्यांचं जुनं गणित. दख्खनच्या पठारावर गुरं आणि आग यांचं नातं तर फारच जुनं: सोलापूरच्या दक्षिणेला, कर्नाटकातल्या रायचूर-बळ्ळारी पट्ट्यात नवाश्मयुगीन पशुपालकांनी शेण जाळून केलेले राखेचे प्रचंड ढिगारे आजही उभे आहेत. तो वणवा नव्हे, पण चाऱ्याच्या मुलखात माणूस हजारो वर्षं आग हाताळतोय याचा तो पुरावा.

इंग्रजी अमलात चित्र पालटलं. १८७८ च्या वन कायद्याने राखीव वनात आग लावणं गुन्हा ठरलं. १९२७ च्या कायद्यातही ते कलम आहे. पुढे १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळ नान्नजचं अभयारण्य झालं. माळढोकाला उघडं गवत लागतं. मात्र चराई बंद केली की गवत साठतं आणि साठलेलं गवत म्हणजे जळणच. मग आग अडवायला गवत काढलेले मोकळे पट्टे, म्हणजे जाळरेषा, काढत बसावं लागतं. सरसकट चराईबंदीपेक्षा मोजकी, पाळीपाळीची चराई मला जास्त शहाणपणाची वाटते. धनगरांना ती शिकवावी लागणार नाही.

दरम्यान आगीचं ठिकाणही हललं. ज्वारीचा कडबा कोणी जाळत नाही, ती वैरण आहे. उजनी धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि तोडणीनंतर फडात पाचट उरू लागलं. ते पेटवून देण्याची रीत अजून मोडलेली नाही. त्यामुळे उपग्रहाच्या नकाशावर जिल्ह्यात दिसणारा आगीचा प्रत्येक ठिपका माळावरच्या वणव्याचा धरता येत नाही.