डॅगरफॉलची शहरं दर वेळी नव्याने बनतात?

‘डॅगरफॉल’मध्ये नवा गेम सुरू केला की कॉम्प्युटर सगळी शहरं नव्याने रचतो, म्हणजे तुमचा नकाशा वेगळा आणि मित्राचा वेगळा, असं वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं काही नाही.

बेथेस्डा कंपनीचा हा रोल-प्लेइंग गेम १९९६ मध्ये डॉस या तेव्हाच्या पीसी-प्रणालीसाठी आला. गावं, शहरं, भुयारं धरून त्यात हजारो ठिकाणं. एवढं सगळं हाताने कोण मांडत बसणार? बहुतेक मांडणी प्रोग्रामकडून करून घेतली हे खरंच, पण गेम बाजारात येण्याआधी. मग ती सीडीवर कायमची बसली.

‘ब्लॉक्स.बीएसए’ या फाइलमध्ये शहराचे तयार चौकोनी तुकडे आहेत: कुठे खानावळ, कुठे देऊळ, कुठे तटबंदीचा कोपरा. कोणत्या शहरात कोणता तुकडा कुठे, हे ‘मॅप्स.बीएसए’ सांगते. मोठ्यात मोठं शहर आठ बाय आठ तुकड्यांचं. म्हणूनच परक्या गावात शिरावं तर तीच खानावळ, तेच अंगण. कंटाळा येतो, नाही कशाला म्हणा!

गैरसमजाचं मूळ मोहिमांमध्ये असावं. निरोप कोणत्या घरी पोचवायचा, चोर कोणत्या भुयारात दडलाय, हे बऱ्याचदा त्या क्षणी चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. रस्ते मात्र जागचे हलत नाहीत.

पटत नसेल तर दोन नवे गेम सुरू करा, दोन्हींत डॅगरफॉल शहर गाठा आणि नकाशे शेजारी ठेवून बघा.