जहाज ठरवताना: टनाचा भाव आणि दिवसांचा हिशेब

तुमचा माल पाच-पंचवीस कंटेनरमध्ये मावत असेल तर हे पत्रक बाजूला ठेवा. न्हावा शेव्यात काम करणारा एखादा चांगला फॉरवर्डर (कंटेनरची वाहतूक लावून देणारा) गाठा, तो ते काम आमच्यापेक्षा लवकर आणि स्वस्तात करेल. आमची गरज पडते ती अख्खं जहाज लागतं तिथे. कोकणातला बॉक्साइट, पोत्यांतली साखर, मळी, बाहेरून येणारा कोळसा किंवा खत. जहाज आमचं नसतं, मालही आमचा नसतो. आम्ही मधले. दलाल म्हणा, त्या शब्दाचं आम्हाला वाईट वाटत नाही.

बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, ‘टनाला किती पडेल?’ सांगतो, पण त्या आकड्याचं आयुष्य थोडं असतं. लंडनच्या बाल्टिक एक्स्चेंजचा सुट्या मालाच्या भाड्याचा निर्देशांक मे २००८ मध्ये ११,७९३ वर पोचला होता आणि त्याच वर्षी डिसेंबरात ६६३ वर आला. इतकी पडझड रोज होत नाही, पण जहाजमालकाची पक्की ऑफर दोन-चार तासांपुरतीच का असते ते यावरून लक्षात यावं. तुमच्या संचालकांची बैठक गुरुवारी असेल तर ऑफर गुरुवारीच मागवू. सोमवारी मागवून चार दिवस झुलवत ठेवलं, की पुढच्या वेळी मालक आपल्याला मनावर घेत नाही.

तसंच, एकच माल पाच दलालांच्या हाती देऊ नका. तुम्हाला वाटतं स्पर्धा लावली. बाजाराला मात्र एका मालाच्या जागी पाच माल दिसतात आणि भाव उतरायच्या ऐवजी चढतो. दलाल पटला नाही तर खुशाल बदला, पण एका मालाला एकच.

आमचे पैसे कुठून येतात

आमचं कमिशन भाड्यातून निघतं आणि ते जहाजमालक देतो. एका दलालाला सव्वा टक्का, हा जुना रिवाज. इथे चाणाक्ष ग्राहक थांबतो: म्हणजे भाडं जितकं जास्त तितका तुमचा फायदा? बरोबर आहे, म्हणून हिशेबच मांडतो. ३०,००० टन माल, टनाला २० डॉलर धरले तर भाडं ६ लाख डॉलर आणि आमचे ७,५०० डॉलर. भाव एका डॉलरने वाढला तर तुमचे ३०,००० डॉलर जातात, आमच्या पदरात ३७५ पडतात. तेवढ्यासाठी गिऱ्हाईक गमावणारा दलाल या धंद्यात फार दिवस टिकत नाही.

खरा पैसा दिवसांत जातो

भाड्याच्या घासाघिशीत चार आणे वाचवले आणि जहाज भरताना रुपया घालवला, हे आम्ही वारंवार पाहतो. करारात (याला चार्टर पार्टी म्हणतात) माल भरायला आणि उतरवायला ठरावीक मुदत असते. वर म्हटलेले ३०,००० टन रोज ६,००० टनांनी भरायचे ठरले, तर तुमच्या हातात पाच दिवस. लागले आठ, तर तीन दिवसांचं डेमरेज, म्हणजे मुदतीपेक्षा जास्त दिवस जहाज अडवल्याचा दंड. दर १२,००० डॉलर रोज असेल तर ३६,००० डॉलर, म्हणजे टनामागे १ डॉलर २० सेंट.

मुदत कधी सुरू होते, यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. जहाज बंदराबाहेर पोचलं की कप्तान ‘आम्ही तयार आहोत’ अशी नोटीस देतो. सुट्या मालासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या जेनकॉन १९९४ या छापील मसुद्यात नोटीस दुपारी १२ पर्यंत दिली तर घड्याळ १ वाजता चालू होतं. त्यानंतर कामकाजाच्या वेळेत दिली, तर पुढच्या कामाच्या दिवशी सकाळी ६ ला. धक्का रिकामा नसताना समुद्रात ताटकळण्याचे दिवस कोणाच्या डोक्यावर, हे करारात एका ओळीने ठरतं. ती ओळ आम्ही तुम्हाला वाचून दाखवतो आणि तुम्ही ‘समजलं’ म्हटल्याशिवाय पुढे जात नाही.

पावसाचा वेळ मोजायचा नाही असं लिहून घेता येतं, रविवार आणि सुट्ट्याही वगळता येतात. पण सुट्टी म्हणजे बंदराच्या यादीतली सुट्टी. आमच्या एका ग्राहकाचं जहाज ऐन गणपतीत आलं. माल खाणीवर तयार, जहाज समुद्रात उभं, आणि ट्रकवाले, बार्जवरची (जहाजापर्यंत माल नेणाऱ्या सपाट बोटींवरची) पोरं सगळी आपापल्या गावी. यादीत सुट्टी फक्त चतुर्थीची होती. घड्याळ चालत राहिलं. आणि एकदा डेमरेज लागलं की मग ते रविवार बघत नाही, पाऊसही बघत नाही. तेव्हापासून कोकणातला माल असेल तर आम्ही तारखा पंचांग समोर ठेवून मागतो.

लहान जेटीवरून बार्जने माल न्यायचा असेल तर पावसाळ्याचे महिने सोडूनच द्या. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणजे दुसऱ्या दिवशी बार्ज सुटतील, असंही नाही. जयगडसारख्या बारमाही बंदरात ही अडचण कमी, पण पोत्यांची साखर पावसात कुठेच भरता येत नाही.

ओला माल

पावसाळ्यानंतर लगेच बॉक्साइट भरणाऱ्यांनी हे नीट वाचावं. जानेवारी २०१५ मध्ये मलेशियातल्या क्वांतानहून सुमारे ४६,४०० टन बॉक्साइट घेऊन निघालेलं ‘बल्क ज्युपिटर’ व्हिएतनामजवळ बुडालं. १९ पैकी १८ खलाशी गेले. बारीक, ओला माल हिसक्यांनी पातळ होतो, एका बाजूला सरकतो आणि जहाज कलंडतं. म्हणून ओलाव्याचा प्रयोगशाळेचा दाखला आम्ही आधी मागतो. ‘बघू नंतर’ म्हणणाऱ्याचं काम आम्ही घेत नाही.

पोती भिजली असतील तर बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजात चढल्याची पावती) तसा शेरा येणार. हमीपत्र देऊन तो काढून घ्या, अशी गळ कृपया घालू नका.

पैसे पाठवताना

भाडं करारात लिहिलेल्या खात्यातच जमा करा, आमच्या खात्यात कधीच नाही. ‘बँक बदलली आहे’ असा ईमेल आला, अगदी आमच्या नावाने आला तरी, आम्हाला फोन करा. फोन नेहमीच्या नंबरवर, त्या ईमेलमध्ये दिलेल्या नव्हे. जहाजाचा सात अंकी आयएमओ क्रमांक (जहाजाची कायमची ओळख) आणि विमा आम्ही तपासतोच, पण त्या कागदांची प्रत मागून घ्यायचा तुम्हाला हक्क आहे.

पहिल्या फोनच्या वेळी

माल कोणता, एक टन किती घनफूट जागा घेतो, वजन किती आणि त्यात किती टक्के कमी-जास्त चालेल, दोन्ही बंदरं आणि तारखा एवढं हाताशी असू द्या. वजनाच्या बाबतीत फुशारकी नको. ३०,००० कबूल करून २८,००० दिलेत तर उरलेल्या २,००० टनांचं भाडं न भरलेल्या जागेसाठी मोजावं लागतं. रोज किती टन भरता येतील तो आकडा मात्र ऑफिसातून सांगू नका. धक्क्यावरच्या मुकादमाला विचारा, तो सांगेल त्यातून थोडा कमी करा आणि मग आम्हाला कळवा.