फ्लॅश पेटत नाही? आधी शटर बघा

स्टुडिओतला फ्लॅश पेटेनासा झाला की हात आपसूक ट्रिगरच्या, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅशला रेडिओनं इशारा देणाऱ्या यंत्राच्या, सेलकडे जातो. मिररलेस कॅमेरा असेल तर पहिला संशय शटरवर घ्यावा.

पण त्याआधी बिघाड कोणत्या बाजूला आहे ते ठरवा. ट्रिगरवरचं टेस्ट बटण दाबा. फ्लॅश पेटला, तर रेडिओ, चॅनल, ग्रुप सगळं ठीक आहे. घोळ कॅमेरा आणि हॉट शू (कॅमेऱ्याच्या माथ्यावरची, ट्रिगर किंवा फ्लॅश बसवायची खाच) यांच्यामध्ये आहे. अशा वेळी सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू आहे का ते पाहा आणि असेल तर मेकॅनिकल करा. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये सेन्सर एकेक ओळ करून वाचला जातो. बऱ्याच कॅमेऱ्यांत या वाचनाला २० ते ६० मिलिसेकंद लागतात, तर फ्लॅशचा झोत जेमतेम एखादा मिलिसेकंद टिकतो. उजेड पडलाच तर फोटोत एक पट्टा उमटेल, म्हणून बहुतेक कॅमेरे या मोडमध्ये फ्लॅशला इशाराच देत नाहीत. सोनी ए९ थ्री हा अपवाद: त्याचा ग्लोबल शटर सगळ्या ओळी एकदम टिपतो.

शटर मेकॅनिकल आहे, तरीही काही नाही? ट्रिगर काढून शूमध्ये पुन्हा पूर्ण आत सरकवा आणि लॉक फिरवा. शूमधला मधला गोल संपर्क आणि कडेची धातूची पट्टी जोडली गेली की फ्लॅश सुटतो. अर्धा मिलिमीटर मागे राहिलेला ट्रिगरसुद्धा दगा देतो. ट्रिगर तुमच्याच ब्रँडच्या कॅमेऱ्यासाठीचा आहे ना, हेही बघा.

टेस्ट बटणानंही फ्लॅश पेटला नाही, तर आधी फ्लॅशवरचं टेस्ट बटण दाबा. तेही निकामी असेल तर प्रश्न फ्लॅशच्या वीजपुरवठ्याचा किंवा ट्यूबचा. ते चालत असेल तर दोन्हीकडचा चॅनल, आयडी आणि ग्रुप जुळवा. ट्रिगरवर तो ग्रुप बंद तर ठेवलेला नाही ना, हेही तपासा. बरेच ट्रिगर २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतात. वाय-फायची गर्दी असेल तर चॅनल बदला. गोडॉक्स कंपनीच्या काही ट्रिगरमध्ये अंतराची सेटिंग असते. ती १ ते १०० मीटरवर असेल आणि फ्लॅश हाताच्या अंतरावर असेल तर इशारा चुकतो. तिथे ० ते ३० मीटर निवडा.

फ्लॅश डोळ्यांना दिसतो, फोटोत मात्र नाही? ऑप्टिकल स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड पाहून पेटणाऱ्या फ्लॅशवर, हे हमखास होतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलमध्ये (उजेड आपोआप मोजणाऱ्या मोडमध्ये) असेल तर मुख्य झोताआधी एक प्रीफ्लॅश सोडतो आणि एस१ मोडमधला (पहिल्याच झोताला पेटणारा) स्लेव्ह त्यालाच भुलतो. स्लेव्ह प्रीफ्लॅशकडे दुर्लक्ष करणाऱ्या एस२ वर न्या, नाहीतर कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मॅन्युअल करा.

फोटोच्या खालच्या बाजूला काळा पट्टा येत असेल तर सिंक स्पीड, म्हणजे फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर स्पीड, ओलांडला आहे. मेकॅनिकल शटरचा पहिला पडदा सेन्सर उघडतो, दुसरा झाकतो. पडद्याला सेन्सरची २४ मि.मी. उंची पार करायला ४ मिलिसेकंद लागतात असं धरा. १/२५० सेकंदाला सेन्सर क्षणभर पूर्ण उघडा असतो. १/५०० ला दुसरा पडदा २ मिलिसेकंदांतच निघतो, म्हणजे सरकणारी फट उरते फक्त १२ मि.मी.ची. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून वरून झाकला गेलेला भाग फोटोत खाली दिसतो. रेडिओ ट्रिगरही थोडा वेळ खातो, त्यामुळे कॅमेऱ्यावर १/२५० लिहिलेलं असलं तरी मी १/१६० वर काम करायला सांगेन. मोठ्या स्टुडिओ फ्लॅशचा झोत पूर्ण पॉवरला रेंगाळतो. तिथे तर १/१२५ बरा. एचएसएसनं (सिंक स्पीडच्या पुढेही फ्लॅश चालवणाऱ्या मोडनं) पट्टा जातो, पण ताकद बरीच घटते.

व्ह्यूफाइंडर काळाकुट्ट दिसणं हा बिघाड नव्हे. आयएसओ १००, एफ ८, १/१६० ला खोलीतला उजेड पुरतच नाही आणि कॅमेरा इमानदारीनं तेच दाखवतो. सोनीत ‘सेटिंग इफेक्ट’, कॅननमध्ये ‘एक्स्पोजर सिम्युलेशन’ बंद करा.

मधूनच एखादी फ्रेम काळी येत असेल तर फ्लॅश रीचार्ज व्हायच्या आत बटण दाबलं जातंय. तयार झाल्याचा बीप चालू ठेवा किंवा पॉवर १/१ वरून १/४ वर आणा. आणि फिल्मच्या जमान्यातला फ्लॅश थेट शूवर चढवू नका: काहींच्या संपर्कावर २०० व्होल्टच्या पुढे दाब असतो. आधी मल्टिमीटरनं मोजा.