फारांक, ल्वीझ

फारांक, ल्वीझ : (३१ मे १८०४ – १५ सप्टेंबर १८७५). फ्रेंच संगीतरचनाकार, पियानोवादक, शिक्षिका आणि जुन्या पियानोसंगीताच्या संपादक. पूर्वाश्रमीचे नाव झान-ल्वीझ द्यूमों. जन्म आणि मृत्यू दोन्ही पॅरिसमध्ये. त्यांच्या नावावर तीन सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीच्या अनेक भागांच्या मोठ्या रचना), दोन ऑर्केस्ट्रा-ओव्हर्चर (वाद्यवृंदाच्या प्रारंभिका), चेंबर संगीताच्या, म्हणजे मोजक्या वादकांसाठीच्या, डझनाहून अधिक रचना आणि पियानोसाठी बरेच लेखन आहे. ऑपेरा मात्र एकही नाही. ज्या शहरात संगीतकाराची पत ऑपेराच्या रंगमंचावर ठरत होती, तिथे राहून त्यांनी आयुष्यभर वाद्यसंगीतच लिहिले. त्यांच्या विस्मृतीचे खापर केवळ स्त्री असण्यावर फोडले जाते, पण पॅरिसच्या या ऑपेरावेडाचाही त्यात मोठा वाटा आहे.

द्यूमों घराणे पिढ्यान्‌पिढ्या शिल्पकारांचे. वडील झाक-एदम द्यूमों शिल्पकार होते. भाऊ ओग्युस्त द्यूमोंने घडवलेला स्वातंत्र्याचा सोनेरी पुतळा पॅरिसच्या बास्तीय चौकातील स्तंभावर आजही उभा आहे. सोर्बोनच्या आवारात कलावंतांना राहण्यासाठी सरकारी जागा मिळत, तिथे ल्वीझ वाढल्या. अशा घरात मुलीने कला शिकणे हे कौतुकाचे नव्हे, रोजचेच होते. पियानोचे पहिले धडे त्यांनी पियानोवादक व रचनाकार क्लेमेंती यांच्या शिष्येकडे गिरवले. पुढे हुमेल आणि मोशेलेस या नामांकित वादकांचेही मार्गदर्शन मिळाले. पंधराव्या वर्षी त्या आंतोन रायखा यांच्याकडे रचनाशास्त्र शिकू लागल्या. रायखा पॅरिसच्या कॉन्झर्व्हात्वारमध्ये, म्हणजे सरकारी संगीत-महाविद्यालयात, प्राध्यापक होते. बर्लिओझ, लिस्ट आणि फ्रांक हे रचनाकारही त्यांचेच विद्यार्थी. रचनेच्या वर्गाची दारे मुलींना बंद असल्याने ल्वीझचे शिक्षण खासगीरीत्या झाले.

१८२१ मध्ये, सतराव्या वर्षी, बासरीवादक आरिस्तीद फारांक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मैफलींचे दौरे करून कंटाळलेल्या आरिस्तीद यांनी प्रकाशनाचा व्यवसाय सुरू केला आणि पत्नीच्या पियानोरचना स्वतःच छापल्या. या काळातील रचना बहुतेक व्हेरिएशन प्रकारच्या, म्हणजे लोकप्रिय धून घेऊन ती नाना तऱ्हांनी फिरवण्याच्या आहेत. तेव्हाच्या बाजारात हाच माल खपत असे. तरीही त्यात वेगळे काही आहे, हे जर्मन रचनाकार आणि समीक्षक रोबेर्ट शूमान यांच्या लक्षात आले. रशियन धुनेवरील व्हेरिएशन्सचे (ऑपस, म्हणजे रचनाक्रमांक, १७) परीक्षण करताना १८३६ मध्ये त्यांनी लिहिले, की एखाद्या तरुण रचनाकाराने अशी व्हेरिएशन्स पुढे ठेवली असती तर आपण त्याची मनापासून प्रशंसा केली असती. बर्लिओझ यांनी एका ओव्हर्चरच्या वाद्ययोजनेची स्तुती केली, पण असे कौशल्य स्त्रियांत विरळाच, ही पुस्तीही जोडली. पाश्चात्त्य संगीतातील सर्व मेजर आणि मायनर, म्हणजे दोन मुख्य प्रकारच्या, स्वरश्रेणींतून फिरणाऱ्या ३० अभ्यासरचना (ऑपस २६, १८३९) कॉन्झर्व्हात्वारने पियानोवर्गांसाठी स्वीकारल्या.

१८४२ मध्ये फारांक त्याच कॉन्झर्व्हात्वारमध्ये पियानोच्या प्राध्यापक झाल्या आणि १८७२ पर्यंत, सलग तीस वर्षे, त्या पदावर राहिल्या. एकोणिसाव्या शतकात या संस्थेत वाद्याचे असे कायम अध्यापनपद भूषवणारी दुसरी स्त्री नव्हती. त्यांचा वर्ग फक्त मुलींचा. पगार मात्र त्याच विषयाच्या पुरुष प्राध्यापकांपेक्षा कमी. संचालक ओबेर यांच्याकडे त्यांनी पत्रे लिहून हे पुन्हा पुन्हा मांडले, पण निकाल लागला तो एका मैफलीनंतर.

ती मैफल म्हणजे नॉनेटचे (ई-फ्लॅट मेजर, ऑपस ३८, १८४९) १८५० मधील पहिले सादरीकरण. व्हायोलिन, व्हिओला, चेलो, डबल बास, फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि हॉर्न अशा नऊ वाद्यांची ही रचना. व्हायोलिनवर होते योझेफ योआखिम, पुढे युरोपभर गाजलेले, पण त्या वेळी जेमतेम अठरा वर्षांचे. या यशानंतर फारांक यांनी समान वेतनाची मागणी पुन्हा केली आणि ती मंजूर झाली. ही हकिकत आज नॉनेटपेक्षाही अधिक सांगितली जाते, याचे थोडे वाईट वाटते, कारण मुळात रचनाच अव्वल दर्जाची आहे. तंतुवाद्ये आणि फुंकवाद्ये यांचे वजन फार वेगळे. साधारण रचनाकाराच्या हाती एक बाजू दुसरीला झाकून टाकते. इथे सूत्र, म्हणजे मुख्य धून, एका वाद्याकडून दुसऱ्याकडे असे सरकते, की कुणी हिसकावून घेतल्यासारखे वाटत नाही. दुसऱ्या भागातील व्हेरिएशन्समध्ये वाद्यांना आळीपाळीने पुढे येऊ दिले आहे, तर स्केर्त्सो या चपळ भागाची सुरुवात तंतुवाद्यांच्या तारा छेडून होते आणि नऊच माणसे वाजवत आहेत हे क्षणभर विसरायला होते.

फुंकवाद्यांवरचे हे प्रेम त्यांच्या संगीतात सर्वत्र दिसते. रायखांनी वुडविंड पंचकांचा ढीग लिहिला होता आणि घरात नवरा बासरीवादक, तेव्हा ते आश्चर्याचे नाही. पियानो आणि पाच फुंकवाद्यांचे सेक्स्टेट (ऑपस ४०), क्लॅरिनेट, चेलो व पियानोचा त्रिक (ऑपस ४४) आणि फ्लूट, चेलो व पियानोचा त्रिक (ऑपस ४५) ही उदाहरणे. ए मायनरमधील (ऑपस ३०, १८३९) आणि ई मेजरमधील (ऑपस ३१, १८४०) पियानो पंचकांत दुसऱ्या व्हायोलिनऐवजी डबल बास आहे, हुमेलच्या धर्तीवर. चेंबर संगीतासाठी फ्रेंच कला अकादमीचे शार्तिए पारितोषिक त्यांना १८६१ आणि १८६९ असे दोनदा मिळाले.

सिंफनींच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. पहिली (सी मायनर, ऑपस ३२) १८४१ मध्ये लिहून झाली, पण वाजली १८४५ मध्ये, तीही ब्रुसेल्सला. तिसरी (जी मायनर, ऑपस ३६, १८४७) पॅरिसच्या कॉन्झर्व्हात्वारच्या प्रतिष्ठित मैफल-मंडळाने १८४९ मध्ये सादर केली. त्याच कार्यक्रमात बेथोव्हेनची पाचवी सिंफनी होती. याहून अवघड शेजार मिळणे कठीण. एकट्या ओबोच्या स्वरांनी उलगडत जाणारी ही सिंफनी ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोनशिवाय लिहिलेली आहे. तिचा ताण आवाजाच्या बळावर नव्हे, सूत्राच्या रेट्यावर उभा राहतो. जर्मन रचनाकार मेंडेलसोनची आठवण येते, पण शेवटच्या भागातला अस्वस्थपणा खास फारांक यांचा. तिन्ही सिंफनी त्यांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. ऑर्केस्ट्रा गोळा करण्याचा खर्च मोठा आणि श्रोते थोडे, मग प्रकाशक कशाला हात घालेल?

एकुलती एक मुलगी व्हिक्तोरीन (जन्म १८२६) आईच्याच वर्गात तयार झालेली उत्तम पियानोवादक. प्रदीर्घ आजारानंतर १८५९ मध्ये ती वारली. त्यानंतर फारांक यांचे रचनालेखन जवळजवळ थांबले. पती-पत्नींनी स्वतःला दुसऱ्या कामात गाडून घेतले, ते म्हणजे ‘ल त्रेझोर दे पियानिस्त’ हा जुन्या कळफलकी संगीताचा २३ खंडी संग्रह. १८६१ पासून हे खंड निघू लागले. फ्रेस्कोबाल्दी, कूपरँ, रामो, स्कार्लात्ती यांच्यापासून थेट चोपँपर्यंतच्या रचना त्यात आहेत. जुने संगीत म्हणजे अडगळ, असे मानण्याच्या त्या काळात हे धाडसच होते. १८६५ मध्ये आरिस्तीद गेले तेव्हा आठ खंड झाले होते. उरलेले ल्वीझ यांनी एकटीने पार पाडले. छापून त्या थांबल्या नाहीत. जुन्या संगीतातील अलंकार नेमके कसे वाजवायचे, याचे विवेचन त्यांनी केले आणि विद्यार्थिनींकडून ते संगीत मैफलींतून वाजवूनही घेतले.

मोंपार्नासच्या दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. त्यानंतर शंभर वर्षे त्यांचे नाव संदर्भग्रंथांच्या पानांपुरतेच उरले. बीआ फ्रीडलँड यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात्मक अभ्यासाने संशोधकांचे लक्ष वेधले. १९९० च्या दशकाअखेर जर्मनीत त्यांच्या रचनांची चिकित्सक, म्हणजे मूळ प्रती तपासून शुद्ध केलेली, आवृत्ती निघू लागली, तेव्हा कुठे वाद्यवृंदांच्या हाती सिंफनींच्या छापील प्रती पडल्या.