भीती पुसली जात नाही

"पैसे देऊन बोलायला जायचं? आम्ही काय मेलो होतो का?" मावसबहीण समुपदेशनाला जाते हे कळलं तेव्हा मावशीच्या तोंडून हे निघालं. बोलण्यात राग नव्हता, लेकीची काळजीच होती. पण हा गैरसमज घरोघरी आहे. मानसोपचार म्हणजे मन मोकळं करणं, आणि ते काय, ओट्यापाशी चहा घेतानाही होतं! मन मोकळं केल्याने बरं वाटतं हे खरंच. चिंतेवरच्या उपचारात मात्र आणखी काहीतरी घडतं आणि ते मेंदूत घडतं. त्याविषयी वाचायला लागल्यापासून मला त्याचं वेड लागलं आहे.

बहिणीचा त्रास असा. नवऱ्याला साधा मेसेज पाठवायचा तरी ती चार वेळा वाचून बघायची. ब्लू टिक दिसली आणि उत्तर आलं नाही की छातीत धडधड. मग दुसरा मेसेज, "रागावलास का?" तो लिहायचा, "नाही गं." तिला हायसं वाटायचं, पण अर्ध्या तासापुरतंच. दिवसातून दहा वेळा हे झाल्यावर एखाद्या संध्याकाळी तो खरोखरच वैतागायचा, आणि तिला वाटायचं, बघ, मी त्याला नकोशीच आहे.

मेख त्या हायसं वाटण्यात आहे. विचारलं की धडधड थांबते, म्हणून विचारण्याची सवय पक्की होते. ओरव्हल मॉरर या मानसशास्त्रज्ञाने 1947 मध्येच हे मांडलं होतं: भीती एका प्रकारे शिकली जाते आणि टाळाटाळ तिला जिवंत ठेवते. न विचारता काय झालं असतं, हे मेंदूला कधी बघायलाच मिळत नाही. ताईत, अंगारा, दृष्ट काढणं यांना माझा विरोध आहे तो केवळ पैसे उकळले जातात म्हणून नव्हे. "ताईत होता म्हणून निभावलं" असं मेंदू शिकतो, आणि ताईत नसतानाही निभावलं असतं हे शिकायचं राहून जातं.

मग भीती जाते कशी? इथे कुत्र्यांवर प्रयोग करणाऱ्या पावलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाकडे जावं लागतं. आवाज आणि पाठोपाठ अन्न, असं वारंवार केलं की नुसत्या आवाजाने कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हे शाळेत शिकलेलं असतं. पुढचा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. अन्न देणं बंद करून नुसता आवाज ऐकवत राहिलं की लाळ थांबते. याला विलोपन म्हणतात. कुत्रा सगळं विसरला, असं वाटतं. पण काही वेळ जाऊ द्या आणि पुन्हा आवाज करा, लाळ परत येते! म्हणजे जुनी आठवण गेलेलीच नव्हती.

भीतीचंही तसंच. मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा अमिग्डला असतो. धोक्याची आठवण प्रामुख्याने तिथे बसते आणि त्याच्या मध्यवर्ती केंद्रकातून धडधड, घाम, ताठरपणा यांचे आदेश सुटतात. विलोपनात कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा खालचा, मधला भाग अमिग्डलातल्या गाबा नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशींना चेतवतो, आणि त्या पेशी मध्यवर्ती केंद्रकाला आवरतात. जुनी जोडणी तशीच राहते, तिच्यावर लगाम बसतो. "हा धोका आहे" आणि "आता इथे धोका नाही" या दोन आठवणी शेजारी शेजारी नांदतात. ही दुसरी आठवण जिथे शिकली त्या जागेशी जास्त बांधलेली असते. एका पिंजऱ्यात उंदराची भीती विझवली आणि त्याला दुसऱ्या पिंजऱ्यात ठेवलं तर ती परतते, हे मानसशास्त्रज्ञ मार्क बूटन यांच्या प्रयोगांनी दाखवलं.

म्हणून समुपदेशकाच्या खोलीतलं बोलणं पुरत नाही, गृहपाठ लागतो. बहिणीला वही दिली होती. मेसेज एकदाच वाचून पाठवायचा, फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, आणि काय होईल ते आधी लिहायचं. तिच्या अक्षरातली एक ओळ मी पाहिली: "उत्तर नाही म्हणजे चिडलाय. खात्री 90 टक्के." खाली तासाभराने लिहिलेलं: "मीटिंगमध्ये होता. येताना कोथिंबीर आणू का विचारतोय."

आधी लिहायचं कारण असं की मेंदू अपेक्षाभंगातून शिकतो. रेस्कोर्ला आणि वॅग्नर या मानसशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये हे गणितात बसवलं: अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतलं अंतर जेवढं मोठं, तेवढं शिकणं जास्त. 90 टक्क्यांची खात्री फोल ठरली की नव्या आठवणीला बळ मिळतं.

मात्र नवरा खरोखर मारहाण करत असेल, तर ती भीती खरी माहिती आहे. तिथे भीती विझवायची नसते, त्या बाईला आधी सुरक्षित ठिकाणी पोचवायचं असतं. आणि "एका सत्रात भीती मुळापासून घालवा" अशी जाहिरात दिसली तर वर सांगितलेला उंदीर आठवावा. कुठे जायचं कळत नसेल तर सरकारच्या टेली मानस सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

गेल्या वर्षी बहीण बंगळुरूला गेली. नवं घर, नवी नोकरी, आणि तिसऱ्याच आठवड्यात "रागावलास का?" परत सुरू. "सगळं पाण्यात गेलं," असं फोनवर रडत म्हणाली. मी तिला दुसऱ्या पिंजऱ्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे वही इथेही लिहायला हवी." मावशीने कुरियरने पाठवलेल्या लाडवांच्या डब्यात तीच वही होती.