ठेका दिला म्हणजे निगम सुटलं?

इंदूरच्या रामबागेत लहानपणापासून ऐकतेय, "अगं, बस ठेकेदाराची, निगमला विचारून काय उपयोग?" परवा राजवाड्याच्या थांब्यावर काकूही तेच म्हणाल्या. ठेका दिला की निगमचा, म्हणजे महापालिकेचा, संबंध संपतो, हा समज साफ चुकीचा आहे.

सिटी बस चालवणारे ऑपरेटर खासगी असतात, हे खरं. पण त्यांना काम देणारी एआयसीटीएसएल (अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड) ही कंपनी नगर निगम आणि विकास प्राधिकरणानं मिळून उभी केलेली आहे. मग हिशेब विचारायचा तो तिथेच.

आणि विचारता येतो! माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात 'माहिती'च्या व्याख्येतच करारनामे आहेत. खासगी कंपनीची जी माहिती सरकारी कार्यालयाला इतर कायद्यानुसार मिळू शकते, तीही आपल्याला मागता येते. साधा कागद, १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. अर्ज ठेकेदाराकडे द्यायचा नाही. काम देणाऱ्या कार्यालयात 'लोक सूचना अधिकारी' अशी पाटी असते, तिथे द्यायचा. बस किती फेऱ्यांची ठरली, फेरी चुकली तर दंड किती, हे करारातच लिहिलेलं असतं. व्यापारी गुपिताचं कारण देऊन काही भाग नाकारतात, तेव्हा अपील करावं.

पगाराचंही तसंच. सरकारी दवाखान्यात फरशी पुसणाऱ्या ताईंचा पगार ठेकेदारानं थकवला, तर तो मूळ मालकानं, म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयानं द्यायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या कायद्यात हे स्पष्ट होतं, नव्या कामगार संहितेतही ते कायम आहे.